प्रकरण सतरावे : सात नवऱ्यांच्या सह्या

लव्हॉन ब्रोडरसनने चष्मा कपाळावरून नाकावर आणला, कागद चर्चच्या तळघराच्या एकुलत्या एक खिडकीशी नेला आणि सह्या पुन्हा पहिल्यापासून वाचल्या. वीस ओळी, वीस सह्या. त्यातल्या चौदा जोडीजोडीनं एकाच हाताच्या होत्या.

"डार्सी," ती म्हणाली, "ही ड्वेनची सही कुणी केली?"

"आईनं," डार्सी म्हणाली. मग तिला आपण काय बोललो ते ऐकू आलं, आणि हातातल्या गोड रूबार्ब-पायचा घास तोंडाशीच थांबला.

डार्सी लव्हॉनच्या धाकट्या दिराची, ड्वेनची मुलगी. व्हेस्टरगार्ड गावच्या शाळेत चौथी, पाचवी आणि सहावी एकाच खोलीत शिकवायची. मार्चपासून ती दारोदार फिरून या मागणीपत्रावर सह्या गोळा करत होती: राज्य शिक्षण मंडळाचे सदस्य गव्हर्नरनं नेमू नयेत, लोकांनी निवडून द्यावेत. काउंटीतून चारशे बारा सह्या लागत होत्या. तीनशे ब्याण्णव आधीच शिक्क्यासकट तयार होत्या. उरलेल्या वीस तिनं आज, ब्रोडरसन घराण्याच्या वार्षिक मेळाव्यात, हॅमचे पाव आणि रूबार्ब पाय यांच्या मधल्या वेळात उरकल्या होत्या. कागद पाचच्या आत राजधानीतल्या निवडणूक कचेरीत पोचायला हवे होते. राजधानी सव्वादोन तासांवर. घड्याळात दीड वाजला होता.

आणि प्रत्येक कागदाखाली गोळा करणाऱ्यानं नोटरीसमोर उजवा हात वर करून शपथ घ्यायची असते, की वरची प्रत्येक सही त्या त्या माणसानं माझ्या डोळ्यांदेखत केली. चाळीस मैलांत नोटरी एकच. लव्हॉन. बावीस वर्षं ती धान्याच्या कोठाराच्या कचेरीत बसून शिक्के मारत आली होती.

अडचण एवढीच, की ज्या मंडळाच्या खुर्च्या या कागदानं जाणार होत्या, त्यातल्या एका खुर्चीत तिचा नवरा बसला होता.

"काकू, मी समोरच होते," डार्सी हळू आवाजात म्हणाली. "पण कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला आणि बायका पटापट... माझ्या डोक्यातच आलं नाही. आपल्याकडे सगळीकडे असंच असतं."

ते खरं होतं. ब्रोडरसन पुरुष सह्या करत नसत. ते पेरत, कापत, दुरुस्त करत आणि हवामानाबद्दल नाराज होत. सही हे घरातलं काम, भांड्यांसारखं. चेक, चर्चची वर्गणी, मुलांची प्रगतिपुस्तकं, नाताळची कार्डं, सगळ्यावर नवऱ्याचं नाव बायको लिही. तेही त्याच्यापेक्षा सुवाच्य.

"सात ओळी बाद," लव्हॉन म्हणाली आणि पेननं त्या सरळ रेघेत खोडल्या. "सात नवरे आण. जिवंत, स्वतःच्या हातांसकट."

नवरे बाहेर अंगणात घोड्याचे नाल खुंटीवर फेकायचा खेळ खेळत होते. डार्सी पळाली.

लव्हॉन मागे वळली तर व्हर्लिन उभा होता. हातात बशी, बशीत हिरवी जेली, जेलीत गाजराचा कीस. व्हर्लिन ब्रोडरसन, राज्य शिक्षण मंडळाचा सदस्य, नऊ वर्षं. त्याची नेमणूक कशी झाली हे घरातल्या लहान पोरालाही पाठ होतं. गव्हर्नरची गाडी त्याच्या शेताजवळ चिखलात रुतली होती, व्हर्लिननं ट्रॅक्टर लावून ती ओढून काढली. गव्हर्नर म्हणाला, तुम्हाला कशात रस आहे? व्हर्लिनला पावसात रस होता, पण तो गव्हर्नरच्या हातात नव्हता. म्हणून तो म्हणाला, शिक्षणात.

"तू शिक्का मारणार आहेस?" त्यानं विचारलं.

"माझं काम आहे."

"लव्हॉन, मी तिथे आहे म्हणून या काउंटीचा आवाज तिथे आहे."

"तो आवाज फेब्रुवारीत आम्ही ऐकला. नव्वदच्या खाली मुलं असलेल्या सगळ्या शाळा बंद. आपल्या शाळेत एक्केचाळीस आहेत."

"आकडे होते समोर. तज्ज्ञ होते." त्याचा आवाज खरोखर दुखावलेला होता. "निवडणूक लावलीस की काय होतं माहीत आहे? जो जास्त ओरडतो तो येतो. शेजारच्या राज्यात एक बाई निवडून आली, तिचं म्हणणं गुणाकार हा परदेशी कट आहे. अशा लोकांच्या हातात पोरं द्यायची?"

या मुद्द्यात दम होता, हे लव्हॉनला मान्य होतं. त्या बाईबद्दल तिनंही वाचलं होतं.

"तिला पुढच्या वेळी पाडता येतं, व्हर्लिन," ती म्हणाली. "तुला कसं पाडायचं?"

"तू जर तो शिक्का मारलास, तर..."

"तर काय?"

व्हर्लिन विचारात पडला. अडतीस वर्षांच्या संसारात त्यानं हे वाक्य अनेकदा सुरू केलं होतं, पण त्याच्या दुसऱ्या भागापर्यंत तो कधी पोचला नव्हता. शेवटी त्यानं खुर्चीवरची लव्हॉनची पर्स उचलली, तीच पर्स पुन्हा खुर्चीवर आडवी ठेवली, आणि तिच्यावर बसला.

"आता मार," तो म्हणाला आणि जेली खाऊ लागला.

लव्हॉननं त्याला बसू दिलं. पर्समध्ये डब्यांची झाकणं होती. शिक्का तिच्या एप्रनच्या खिशात होता.

नवरे एकेक करून खाली आले, टोप्या हातात घेऊन, तपासणीला बोलावल्यासारखे. पहिला आला ड्वेन, डार्सीचा बाप. त्यानं पेन स्क्रू-ड्रायव्हरसारखं मुठीत धरलं.

"पूर्ण नाव लिहायचं?"

"पूर्ण."

"मधलंसुद्धा?" त्यानं जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "अगं ए! माझं मधलं नाव काय गं?"

वरून उत्तर आलं. ड्वेनच्या चेहऱ्यावर आश्चर्य उमटलं, पण त्यानं ते लिहिलं. तेवढ्यात त्याचं लक्ष थोरल्या भावाकडे गेलं.

"हा असा उंच का दिसतोय आज?"

"माझ्या पर्सवर बसलाय," लव्हॉन म्हणाली.

"का?"

"धोरण आहे."

"हं." ड्वेननं मान डोलावली. "बसू दे. मंडळात तरी दुसरं काय करतो."

"तुला काय कळतं रे मंडळातलं?" व्हर्लिन म्हणाला.

"मला एवढंच कळतं की माझ्या नातवाला आता सकाळी पावणेसहाला बसमध्ये बसावं लागणार. जायला एक तास पन्नास मिनिटं. यायलाही तेवढीच. पोरगं सात वर्षांचं आहे, व्हर्लिन. तेवढ्या वेळात मी दाढी करून, गायी बघून, तुला शिव्या देऊन परत झोपू शकतो."

"बसमध्ये गरम हवेची सोय असणार आहे."

"मंडळात पण आहे, ऐकलं. तोंडाची वाफ."

पाठोपाठ पाच जण सह्या करून गेले. एकानं ओळीच्या बाहेर केली, एकानं आधी जेवणाच्या रुमालावर सराव केला. दोन वाजून दहा मिनिटांनी सहा ओळी भरल्या. डार्सीनं सह्या मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि ती अर्डिससमोर जाऊन उभी राहिली.

अर्डिस म्हणजे व्हर्लिन आणि ड्वेनची सगळ्यात थोरली बहीण. वय एक्क्याऐंशी. मेळाव्याची तहहयात अध्यक्ष, आणि अध्यक्षाचा हातोडा म्हणून तिच्याकडे बटाटे कुस्करायचं लाकडी दांडकं होतं. सातवी खोडलेली ओळ तिच्या नवऱ्याची होती, मिलोची.

"अर्डिसआत्या," डार्सी चाचरत म्हणाली, "ती मिलोकाकांची सही..."

"मीच केली. त्याला आवडलं असतं."

"अर्डिस, मिलो चार वर्षांपूर्वी गेला," लव्हॉन म्हणाली.

"मला माहीत आहे. मी तिथेच होते."

"मग सही कशी केलीस?"

"अगं, त्याची नेहमी मीच करते! गेला म्हणून सवय जाते का?" अर्डिसनं दांडकं टेबलावर आपटलं. "त्यानं त्या शाळेचं छप्पर घातलंय आपल्या हातांनी. फुकट. मंडळातल्या कुणी घातलंय छप्पर? मेलेला माझा नवरा यांच्या जिवंत पाचांपेक्षा त्या शाळेसाठी जास्त करून गेला, आणि त्याची सही चालत नाही? कुठला हा कायदा?"

कायदा तसाच होता. मग सगळे उरलेली एक सही शोधू लागले. खाली अठ्ठावन्न माणसं होती. त्यातली निम्मी दुसऱ्या काउंटीतली. बाकीच्यांत काहींनी मार्चमध्येच सही केली होती, काहींनी आत्ता, काही अठराच्या खाली, आणि एक जण कॅनडाचा जावई. डार्सी कपाळ चोळत प्रत्येकापाशी जाऊन आली.

"दोनच उरतात," ती म्हणाली. "काकू, तुम्ही."

"मी सही केली तर मी शिक्का मारू शकत नाही. स्वतःच्या सहीला स्वतः साक्षीदार राहता येत नाही."

"मग..."

कुणी नाव घेतलं नाही. अठ्ठावन्न माणसं, त्यात तो जावईही, पर्सवर बसलेल्या व्हर्लिनकडे पाहू लागली.

व्हर्लिन उभा राहिला. लव्हॉननं पाहिलं, त्याचे कान लाल झाले होते.

"शोभतं का हे तुम्हाला?" तो म्हणाला. "माझी सही, माझ्याच खुर्चीवरून मला उठवायला? आणि नैतिकता कुणाला सांगता? सात खोट्या सह्या सापडल्यात या कागदावर. सात! दुसऱ्याच्या नावानं सही करणं हा या राज्यात गुन्हा आहे. मी सोमवारी राजधानीत तक्रार केली तर हा कागद काय, आधीचे सगळे कागद संशयात येतील. अशा लोकांना मंडळ निवडायचंय! ज्यांना स्वतःची सही स्वतः करायची अक्कल नाही!"

डार्सीचा चेहरा पांढरा पडला. चार महिन्यांची पायपीट, तीनशे ब्याण्णव उंबरे, दोन कुत्र्यांचे चावे. तो हे करू शकत होता. खोलीतल्या सगळ्यांना तेव्हाच ते कळलं. व्हर्लिनलाही, बहुधा, बोलून झाल्यावर.

लव्हॉननं एप्रनला हात पुसले. हात कोरडेच होते.

"व्हर्लिन," ती म्हणाली, "तुझ्या नेमणुकीचा होकार कुणाच्या सहीनं गेला?"

"कसला होकार?"

"गव्हर्नरच्या कचेरीतून पत्र आलं होतं. 'मी ही नेमणूक स्वीकारतो.' खाली सही करून परत पाठवायचं होतं. तू तेव्हा कुठे होतास?"

व्हर्लिननं जेलीची बशी टेबलावर ठेवली.

"गव्हाच्या कापणीला. कंबाईनवर. चौदा तास. मी फोन केला तर म्हणालास, कर काय करायचं ते. मी केली. व्ही, ई, आर, एल, आय, एन. टपालात मीच टाकलं."

कोपऱ्यातल्या कॉफीच्या भांड्याचा गुडगुड आवाज वक्त्यासारखा वाटू लागला.

"म्हणजे," ड्वेन सावकाश म्हणाला, "लोकांनी याला निवडलं नाही, आणि यानं स्वतः होकारही दिला नाही?"

"नाही."

"मग नऊ वर्षं तिथे बसलंय कोण?"

"कायद्यानं बघितलं तर मी," लव्हॉन म्हणाली.

"वहिनी! शाळा तुम्ही बंद केलीत?"

"तू गप्प बस रे," अर्डिस म्हणाली आणि दांडकं आपटलं.

"लव्हॉन," व्हर्लिनचा आवाज खाली आला होता, "तू नोटरी आहेस. हे असं चारचौघांत बोललीस, तर तुझा शिक्का जाईल."

"जाऊ दे. तुला तक्रार करायचीच आहे ना सोमवारी? दोन्ही एकदमच कर, एका टपालतिकिटात काम होईल. सात बायकांची नावं लिही, आठवं माझं लिही. स्पेलिंग येत नसेल तर विचार, मी सांगेन. शिक्का सोमवारी काढून घ्या म्हणावं. आज शुक्रवार आहे, आणि आज तो माझ्याकडे आहे." तिनं एप्रनच्या खिशातून शिक्का काढून टेबलावर, जेलीच्या शेजारी ठेवला.

व्हर्लिननं आधी शिक्क्याकडे आणि मग ज्या पर्सवर तो पाऊण तास बसला होता तिच्याकडे पाहिलं.

अर्डिसनं मध्यममार्ग काढला. "आता एवढा घोळ कशाला? लव्हॉन, तूच करून टाक की त्याची सही. नेहमीसारखी. आम्ही सगळे तिकडे बघतो."

आणि खरोखरच काही जण भिंतीकडे वळले सुद्धा.

"नाही," लव्हॉन म्हणाली.

"अगं, एक सही..."

"अडतीस वर्षं केली. ही नाही करणार. ही त्यानं केली तर त्याची, नाही केली तर नाही. कागद कमी पडला तर पडला. पण मी परत त्याच्या नावानं त्याच्याऐवजी काही ठरवणार नाही. मागच्या वेळी ठरवलं, आणि पोरांवर पावणेसहाला बसमध्ये बसायची वेळ आली."

डार्सी ओठ चावत उभी होती. घड्याळात दोन वीस. ती पुढे झाली, कागद व्हर्लिनसमोर ठेवला आणि एकच वाक्य बोलली.

"काका, लोकांना तुम्ही हवे असाल तर या कागदानं तुमचं काही जात नाही."

"हवाच आहे मी लोकांना."

"मग झालं."

"मी उभा राहिलो तर निवडून येईन!"

"कुणाच्या मतांवर?" ड्वेननं विचारलं.

व्हर्लिननं हात खोलीभर फिरवला. हात जिकडे जाई तिकडची माणसं बटाट्याच्या सॅलडकडे बघू लागत. सॅलडकडे आयुष्यात इतकं लक्ष कुणी दिलं नव्हतं. कॅनडाचा जावई तेवढा मनापासून मान डोलावत होता.

लव्हॉनला वाटलं, आता हा निघून जाईल. व्हर्लिन भांडणातून निघून जाणारा माणूस होता. १९९८ साली तळ्यावरून झालेल्या भांडणात तो दोन दिवस कोठारात राहिला होता. पण तो उभाच राहिला. कानांची लाली मानेवर उतरली.

"नऊ वर्षं," तो तिला म्हणाला, बाकी कुणाला नाही. "दर महिन्याला साडेचार तास गाडी चालवून जाऊन येतो. टाय बांधून. आणि तू म्हणतेस की मी तिथे गेलोच नव्हतो."

"तू कधी विचारलंस का कुणाला, जाऊ का म्हणून?"

त्यानं खुर्ची ओढली, पर्स उचलून अर्डिसच्या मांडीवर दिली, खाली बसला आणि मागणीपत्र वाचू लागला. पूर्ण वाचलं, बारीक अक्षरासकट. त्याला सात मिनिटं लागली. डार्सीनं त्या सात मिनिटांत तीन वेळा घड्याळ आणि एकदा छत पाहिलं.

"पेन," व्हर्लिन म्हणाला. "आणि ऐका सगळे. मी हे शरण आलो म्हणून करत नाहीये. मी उभा राहणार. दारोदार जाणार. ड्वेन, तुझ्या दारावर आधी."

"कुत्रा सोडून ठेवतो," ड्वेन म्हणाला.

"काका, एक मिनिट," डार्सी घाईनं म्हणाली. "ते लोक मतदार यादीतल्या सहीशी ताडून बघतात. जुळली पाहिजे."

सगळ्यांनी लव्हॉनकडे पाहिलं.

"माझी नाही ती," ती म्हणाली. "मतदार म्हणून नाव त्यानं अठराव्या वर्षी घातलं. माझ्याशी लग्न व्हायच्या आधी. राज्यात त्याची स्वतःची सही असेल तर तेवढी एकच."

व्हर्लिन पेन धरून बसला. चेहऱ्यावर तो शोधणारा भाव होता, जो हरवलेला पाना शोधताना असतो. अठरा वर्षांचा व्हर्लिन ब्रोडरसन सही कशी करायचा?

"पहिल्या अक्षराला शेपूट होती," अर्डिस म्हणाली. "मोठी. तुला वाटायचं तू कुणीतरी होणार."

"शेपूट डावीकडे की उजवीकडे?"

"डावीकडे. पार समासाबाहेर. बाबा ओरडायचे, कागद वाया घालवतो म्हणून."

व्हर्लिननं हवेत एकदा केली. मग कागदावर. शेपूट डावीकडे गेली, वर वळली, मागे फिरली आणि ड्वेनच्या मधल्या नावाला भोज्या करून परत आली. बाकीचं नाव घाईघाईत तिच्यामागे धावलं. तो स्वतःच त्या सहीकडे बघत राहिला. सही उद्धट होती. लव्हॉननं ही सही कधी पाहिली नव्हती, आणि तिला ती, का कोण जाणे, आवडली.

"उजवा हात वर," ती डार्सीला म्हणाली. आवाज कचेरीतला होता. "या कागदावरची न खोडलेली प्रत्येक सही त्या त्या माणसानं तुझ्या समोर केली?"

"केली."

"शपथेवर?"

"शपथेवर."

शिक्का बसला. दोन वाजून बत्तीस मिनिटं झाली होती.

वर अंगणात निराळीच पंचाईत होती. डार्सीच्या ट्रकमागे अकरा गाड्या, अकरांच्या किल्ल्या अकरा खिशांत, आणि त्यातले तीन खिसे नदीवर मासे पकडायला गेलेले. मोकळी गाडी एकच होती. मंडळाचा सदस्य म्हणून व्हर्लिन आपली गाडी नेहमी रस्त्याकडे तोंड करून, सगळ्यांच्या पुढे लावायचा.

त्यानं दार उघडलं. "बसा," तो म्हणाला. "रस्ता मलाच पाठ आहे."

डार्सी मागे बसली, कागदांचा गठ्ठा दोन्ही हातांनी छातीशी धरून. लव्हॉन पुढे. चर्चच्या पायऱ्यांवर सगळं घराणं उभं होतं, आणि निरोप कसा द्यायचा हे कुणाला ठरवता येत नव्हतं, कारण गाडीत नेमकं कोण जिंकून चाललंय ते स्पष्ट नव्हतं. शेवटी अर्डिसनं दांडकं हलवलं.

बारा मैल मागे पडले. दोन्ही बाजूंना मका गुडघ्याएवढा आला होता. व्हर्लिनचे ओठ मधूनमधून हलत होते; तो बहुधा भाषण जुळवत होता.

"तू," तो शेवटी म्हणाला, रस्त्यावरची नजर न काढता, "तू तरी मत देशील ना मला?"

"ते गुप्त असतं, व्हर्लिन."

मागच्या सीटवर डार्सीनं खिडकीकडे तोंड फिरवलं आणि तिचे खांदे हलू लागले.

आणखी दोन मैल गेले.

"म्हणजे मला आपल्या घराच्या दारावरसुद्धा प्रचाराला यावं लागणार," व्हर्लिन म्हणाला.

"ये की," लव्हॉन म्हणाली. "पाय पुसून ये. आणि शाळेचं काय करणार ते ठरवून ये. नाहीतर दार उघडणार नाही."